ज्वालारोधी दृढ पॉलियुरेथेन फेस

आयसोसायनेट व पॉलिऑल या दोन प्रकारच्या संयुगांच्या विक्रियेने बनणाऱ्या, कडक, बंद कोशिकांच्या व अतिशय हलक्या प्लॅस्टिकला दृढ पॉलियुरेथेन फेस म्हणतात. तो सहज पेट घेणार नाही व पेटल्यास ज्योत त्यावरून मंद गतीने पसरेल, अशा रीतीने त्याच्या रासायनिक घडणीत बदल केला म्हणजे त्यास ज्वालारोधी फेस ही संज्ञा देतात. शीतगृहे, घरगुती प्रशीतक (रेफ्रिजरेटर), शीतवाहने, थंड द्रव्यांचे नळ, कारखान्यांची छपरे इत्यादींच्या उष्णता निरोधनासाठी हा फेस वापरतात. दोन पातळ पोलादी पत्र्यांमध्ये तो भरून केलेल्या तक्त्यांना बाजारात ‘पफ पॅनेल’ असे म्हणतात.

रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्याशी या विषयाचा दुहेरी संबंध आहे. तेथील तळोजा औद्योगिक वसाहतीत मासळीवर प्रक्रिया करणारे कारखाने व शीतगृहे असून अशा ठिकाणी या फेसाचे निरोधन उपयोगी पडते. दुसरे असे की, या फेसाच्या रसायनशास्त्रात ज्यांना मूलभूत स्थान आहे, अशा काही रसायनांचे कारखाने याच परिसरात उभे राहिले.

ज्वालारोधी म्हणजे न जळणारा, असा मात्र अर्थ नाही. या फेसाचा सांगाडा कार्बनी असल्याने पुरेशा उष्णतेत तो जळतोच. रासायनिक बदलाने त्याचे प्रज्वलन लांबते, ज्योतीचा वेग कमी होतो व माणसांना बाहेर पडण्यास आणि आग विझविण्यास अधिक वेळ मिळतो. हा वेळ किती मिळतो व त्याची कोणती किंमत मोजावी लागते, हाच या विषयातील मुख्य प्रश्न आहे.

रासायनिक घडण व निर्मिती : नायट्रोजन, कार्बन व ऑक्सिजन यांचा प्रत्येकी एक अणू असलेला आयसोसायनेट गट आणि पॉलिऑलातील हायड्रॉक्सिल गट यांच्या संयोगाने युरेथेन बंध तयार होतो. दोन्ही घटकांच्या प्रत्येक रेणूत असे दोन वा अधिक गट असल्यास बंधांचे एक त्रिमितीय जाळे बनते. जाळे जितके दाट तितका फेस कडक होतो.

दृढ फेसासाठी बहुधा डायफिनिल मिथेन डायआयसोसायनेट (एमडीआय) या द्रव्याचे गडद तपकिरी, द्रवरूप बहुवारिक मिश्रण वापरतात. बेंझिनापासून नायट्रोबेंझीन, त्यापासून ॲनिलीन, ॲनिलीन व फॉर्माल्डिहाइड यांपासून डायअमाइन आणि त्यावर फॉस्जीन वायूची विक्रिया करून एमडीआय, असा त्याच्या निर्मितीचा क्रम आहे. पॉलिऑल तयार करण्यासाठी साखर (सुक्रोज), सॉर्बिटॉल, ग्लिसरीन यांसारख्या अनेक हायड्रॉक्सिल गट असलेल्या पदार्थांना प्रोपिलीन ऑक्साइड जोडतात. सुक्रोजाच्या एका रेणूत असे आठ गट असल्याने त्यापासून दाट जाळ्याचा फेस मिळतो.

पॉलिऑलात उत्प्रेरक, कोशिकांचा आकार एकसारखा ठेवणारे सिलिकोनयुक्त पृष्ठक्रियाकारक, थोडे पाणी व फुगवक द्रव्य आधीच मिसळलेले असते. हे मिश्रण व एमडीआय एकत्र येताच काही सेकंदांत ते दुधाळ होऊन फुगू लागते आणि काही मिनिटांत कडक होते. विक्रिया उष्णतादायी असल्याने फुगवक द्रव्याची वाफ होते, तर पाणी व आयसोसायनेट यांच्या विक्रियेने कार्बन डाय-ऑक्साइड वायू सुटतो. निरोधनासाठी वापरण्यात येणाऱ्या फेसाची घनता साधारणपणे दर घ.मी.ला ३० ते ५० किग्रॅ. असते. त्याच्या आकारमानात घन प्लॅस्टिकचा वाटा सुमारे तीन टक्केच असून उरलेला भाग कोशिकांत कोंडलेल्या वायूने व्यापलेला असतो. ताज्या फेसाची उष्णता-संवाहकता दर मीटरला दर अंश से.ला सुमारे ०·०२२ ते ०·०२५ वॉट इतकी अल्प असते. त्यामुळे त्याचा १०० मिमी. जाडीचा थर थर्मोकोलाच्या (प्रसारित पॉलिस्टायरिनाच्या) सुमारे १५० मिमी. थराइतके काम करतो.

इतिहास : पॉलियुरेथेनांचे मूलभूत रसायनशास्त्र जर्मनीत लेव्हरकूझेन येथे ओटो बायर व त्यांचे सहकारी यांनी १९३७ मध्ये विकसित केले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दृढ फेसाचा उपयोग विमानांच्या भागांत झाला. १९५०–६० या दशकाच्या अखेरीस बहुवारिक एमडीआय व्यापारी प्रमाणावर मिळू लागल्यावर या फेसाची निर्मिती सोपी झाली. १९७३ च्या तेलटंचाईनंतर ऊर्जा वाचविण्याची निकड वाढली व इमारतींच्या निरोधनातही त्याचा वापर होऊ लागला.

प्रसाराबरोबर आगीही झाल्या. ‘न जळणारा’, ‘आपोआप विझणारा’ अशी विशेषणे लावून हे फेस विकले जात. छोट्या नमुन्यावरील चाचण्या हा या विशेषणांचा आधार होता. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७३ मध्ये प्लॅस्टिक उद्योगाची संघटना, चाचण्यांची मानके ठरविणारी संस्था व अनेक निर्माते यांच्याविरुद्ध तक्रार दाखल केली. १९७४ मध्ये झालेल्या तडजोडीने पॉलियुरेथेन व पॉलिस्टायरीन फेसांच्या संदर्भात अशा शब्दांच्या वापरास आळा बसला व फेसांच्या ज्वलनाच्या संशोधनासाठी उद्योगाला निधी द्यावा लागला. या फेसांच्या ज्वलनाच्या पद्धतशीर अभ्यासाला यामुळे चालना मिळाली.

ज्वलनाची क्रिया : फेसाच्या ज्या गुणामुळे तो थंडी राखतो, तोच गुण आगीत त्याच्यावर उलटतो. लाकडाच्या जाड फळीला ज्योत लावली, तर पृष्ठभागावरील उष्णता काही अंशी आत वाहून जाते व फळी पेटण्यास वेळ लागतो. फेस उष्णता आत जाऊ देत नाही. त्यामुळे ज्योतीखालचा पृष्ठभाग थोड्याच वेळात तापून अपघटनाच्या तापमानाला पोहोचतो. शिवाय कोशिकांच्या भित्ती अतिशय पातळ असल्याने त्यांचे वायुरूपात रूपांतर चटकन होते.

सुमारे २००° से.च्या आसपास युरेथेन बंध तुटू लागतात व आयसोसायनेट आणि पॉलिऑल काही अंशी पुन्हा अलग होतात. आयसोसायनेटाचा काही भाग पिवळसर धुराच्या रूपाने निघून जातो. पॉलिऑलाचे आणखी तुकडे होऊन ज्वलनशील वायू बाहेर पडतात, ते हवेत मिसळून जळतात आणि त्या ज्योतीची उष्णता परत पृष्ठभागावर पडून अपघटन चालू ठेवते. हे चक्र तोडणे वा मंद करणे हे ज्वालारोधनाचे सूत्र होय.

फेस हलका असल्याने त्यात जळण्यासारखे फारसे काही नसते, असा समज होतो. तो खरा नाही. एक किग्रॅ. पॉलियुरेथेन जळल्यास सुमारे २६ मेगॅजूल, तर कोरडे लाकूड जळल्यास सुमारे १७ मेगॅजूल उष्णता मिळते. २० मी. लांब, १० मी. रुंद व ५ मी. उंच अशा शीतगृहाच्या भिंती आणि छत मिळून ५०० चौ.मी. क्षेत्र होते. त्यावर दर घ.मी.ला ४० किग्रॅ. घनतेच्या फेसाचा १०० मिमी. थर असल्यास एकूण फेस २,००० किग्रॅ. भरतो. त्यातील ज्वलनक्षम उष्णता सुमारे तीन टन लाकडाइतकी असते.

ज्वालारोधनाच्या पद्धती : या पद्धतींचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात ज्वालारोधक द्रव्य फेसाच्या मिश्रणात नुसते मिसळतात. त्याचा बहुवारिकाशी रासायनिक बंध होत नाही. दुसऱ्या वर्गात ज्वालारोधक मूलद्रव्य असलेला रेणू विक्रियेत भाग घेऊन बहुवारिकाच्या जाळ्याचाच घटक बनतो. फेसाचे रासायनिक परिवर्तन म्हणून जे संशोधन ओळखले जाते, ते मुख्यतः दुसऱ्या वर्गातील आहे.

(अ) मिसळण्याची द्रव्ये : ट्रिस (क्लोरोप्रोपिल) फॉस्फेट (टीसीपीपी) हे सर्वांत अधिक प्रचारात असलेले द्रव्य होय. त्यात वजनाने सुमारे ९·५% फॉस्फरस व ३२·५% क्लोरीन असते. ते स्वस्त व द्रवरूप असल्याने मिसळण्यास सोपे जाते; परंतु जाळ्याशी बांधले गेलेले नसल्याने त्यामुळे फेस काहीसा मऊ पडतो व दीर्घ काळात द्रव्याचा काही अंश बाहेर पडतो. याच कुळातील ट्रिस (क्लोरोएथिल) फॉस्फेट हे द्रव्य आरोग्यास घातक ठरल्याने यूरोपीय संघात ऑगस्ट २०१५ पासून खास परवानगीखेरीज त्याच्या वापरास बंदी आहे. मेलामीन व अमोनियम पॉलिफॉस्फेट ही घन द्रव्येही मिसळतात. गंधकाम्लाची प्रक्रिया केलेले विस्तारक्षम ग्रॅफाइट हे आणखी एक परिणामकारक द्रव्य असून ते तापताच अनेक पटींनी फुगते व कृमींसारख्या धाग्यांचा जाड थर फेसावर पसरतो. मात्र त्याचे कण मिश्रणात खाली बसतात आणि यंत्राच्या पंपांची झीज करतात.

(आ) फॉस्फरसयुक्त पॉलिऑले : डायएथिल फॉस्फाइट, फॉर्माल्डिहाइड व डायएथॅनॉलअमाइन यांच्या विक्रियेने दोन हायड्रॉक्सिल गट असलेला एक फॉस्फोनेट रेणू मिळतो. त्यात सुमारे १२% फॉस्फरस असतो. हायड्रॉक्सिल गटांमुळे तो आयसोसायनेटाशी संयोग पावतो व जाळ्यात कायमचा अडकतो. फेस तापला म्हणजे अशा संयुगांपासून फॉस्फरसाची अम्ले बनतात. ही अम्ले बहुवारिकातून पाण्याचे रेणू काढून घेतात व वायुरूप इंधनाऐवजी कोळशाचा थर मागे राहतो. हा थर खालच्या फेसाचे उष्णतेपासून व हवेपासून रक्षण करतो. फॉस्फरसाचा काही भाग ज्योतीत जाऊन तेथील विक्रियाही मंद करतो.

(इ) हॅलोजनयुक्त पॉलिऑले : ज्योतीतील ज्वलन हायड्रोजन व हायड्रॉक्सिल या मुक्त मूलकांच्या शृंखला विक्रियेने चालते. क्लोरीन वा ब्रोमीन असलेले संयुग तापून त्यापासून बनणारे हायड्रोजन क्लोराइड वा ब्रोमाइड या मूलकांना पकडते व शृंखला तुटते. या कामी ब्रोमीन क्लोरिनाहून अधिक परिणामकारक आहे. थॅलिक ॲनहायड्राइडाच्या बेंझीन वलयावर ब्रोमिनाचे चार अणू बसवून टेट्राब्रोमोथॅलिक ॲनहायड्राइड मिळते व त्यापासून तयार केलेले पॉलिऑल दृढ फेसात वापरतात.

पेटलेला फेस ज्योत दूर करताच विझावा यासाठी फेसात फॉस्फरस एकटाच असल्यास सुमारे १·५%, ब्रोमीन एकटे असल्यास सुमारे १२ ते १४% व क्लोरीन एकटे असल्यास सुमारे १८ ते २०% असावे लागते, असे स्थूल आकडे देतात. फॉस्फरस व ब्रोमीन एकत्र असल्यास दोहोंचे प्रमाण बरेच कमी करता येते.

(ई) आयसोसायन्युरेट वलये : या पद्धतीत बाहेरचे मूलद्रव्य न आणता बंधांचा प्रकारच बदलतात. पोटॅशियम ॲसिटेटासारख्या उत्प्रेरकाच्या साहाय्याने तीन आयसोसायनेट गट एकमेकांशी जोडले जाऊन सहा अणूंचे आयसोसायन्युरेट वलय बनते. युरेथेन बंध सुमारे २००° से.ला सुटू लागतो, तर हे वलय ३००° से.च्या आसपासही टिकाव धरते व जळताना भरपूर कोळसा मागे ठेवते. नेहमीच्या फेसात हायड्रॉक्सिल गटांच्या मानाने आयसोसायनेट गट थोडेच अधिक (१०० ला १०५ ते १२०) असतात. आयसोसायन्युरेट फेसात ते १०० ला २५० वा त्याहून अधिक ठेवतात. या फेसाला बाजारात ‘पीआयआर’ म्हणतात. त्याचा दोष म्हणजे ठिसूळपणा. पृष्ठभाग भुगभुगीत झाल्यास पत्र्याला तो नीट चिकटत नाही. म्हणून त्याचे तक्ते बनविताना साच्याचे तापमान अधिक ठेवावे लागते. थॅलिक ॲनहायड्राइड व डायएथिलीन ग्लायकॉल यांपासून बनविलेली ॲरोमॅटिक पॉलिएस्टर पॉलिऑले वापरून हा ठिसूळपणा कमी करतात. त्यांतील बेंझीन वलयांमुळे कोळशाचे प्रमाणही वाढते.

(उ) काजूच्या तेलापासून पॉलिऑले : काजूच्या टरफलांतील तेल तापवून व त्याचे ऊर्ध्वपातन करून कार्डॅनॉल हे फिनॉलवर्गीय द्रव्य मिळते. सिंधुदुर्ग व रत्नागिरी हे काजूचे जिल्हे असल्याने कोकणाच्या दृष्टीने या कच्च्या मालाला महत्त्व आहे. कार्डॅनॉल, फॉर्माल्डिहाइड व डायएथॅनॉलअमाइन यांच्या विक्रियेने मिळणाऱ्या पॉलिऑलात बेंझीन वलय व नायट्रोजन ही दोन्ही असतात आणि ती कोळसा बनण्यास अनुकूल ठरतात. परंतु कार्डॅनॉलाला जोडलेली पंधरा कार्बन अणूंची लांब शृंखला हे स्वतः एक इंधन होय. त्यामुळे हे पॉलिऑल एकटे पुरे पडत नाही; त्याला फॉस्फरसाची जोड द्यावी लागते.

परिवर्तनातील अडचणी : जाळ्यात नवा रेणू बसविला की फेसाचे इतर गुणही बदलतात. दोनच हायड्रॉक्सिल गट असलेला ज्वालारोधक अधिक प्रमाणात घातल्यास जाळे विरळ होते व थंडीत कोशिकांतील वायूचा दाब घटताच फेस आक्रसतो. त्याची भरपाई सुक्रोज वा सॉर्बिटॉल यांपासूनची अनेक गटांची पॉलिऑले घालून करतात. फॉस्फरसाची काही एस्टरे पाणी व अमाइन उत्प्रेरक असलेल्या मिश्रणात हळूहळू विघटित होतात. बनलेले अम्ल उत्प्रेरकाला निकामी करते व पिंपात काही महिने राहिलेले मिश्रण नीट फुगत नाही. उष्ण व दमट किनारी हवेत ही बाब विशेष जाचक ठरते. म्हणून नव्या फेसाची पारख केवळ ज्योतीने न करता दाबबल, मितीय स्थिरता, संवाहकता व मिश्रणाची टिकाऊ मुदत या सर्वांनी करतात.

फुगवक द्रव्याचाही प्रश्न आहे. क्लोरोफ्ल्युओरोकार्बन–११ हे जुने फुगवक स्वतः जळत नसे व त्याची वाफ उत्तम निरोधक होती. परंतु त्यामुळे वातावरणातील ओझोनाचा थर क्षीण होतो. माँट्रिऑल करारात भारत १९९२ मध्ये सामील झाला. विकसनशील देशांत या वर्गातील द्रव्यांचा वापर २०१० पर्यंत थांबविण्याचे ठरले होते. त्यांच्या जागी आलेले हायड्रोक्लोरोफ्ल्युओरोकार्बन–१४१बी हे फुगवकही भारतात १ जानेवारी २०२० पासून बंद झाले. पर्यायांपैकी सायक्लोपेंटेन हे स्वस्त व ओझोनास निरुपद्रवी, पण ज्वलनशील आहे. ते वापरल्यास फेसाच्या प्रत्येक कोशिकेत थोडे इंधनच कोंडले जाते. अशा प्रकारे वातावरणाच्या हितासाठी केलेल्या बदलाने ज्वालारोधनाची गरज आणखी वाढविली.

पनवेल परिसर : हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या केंद्र सरकारच्या कंपनीची स्थापना १२ डिसेंबर १९६० रोजी झाली व पनवेलजवळ रसायनी येथे तिचा कारखाना उभारण्यात आला. रंग, औषधे व रबर यांच्या उद्योगांना लागणारी मूलभूत कार्बनी रसायने देशात बनविणे हा तिचा हेतू होता. नायट्रोबेंझीन व ॲनिलीन ही तेथील प्रमुख उत्पादने होती. एमडीआयच्या निर्मितीचे पहिले दोन टप्पे हेच होत. आयात मालाच्या स्पर्धेत हे उत्पादन किफायतशीर राहिले नाही व केंद्र सरकारने मे २०१७ मध्ये रसायनी येथील तोट्यातील संयंत्रे बंद करण्याचा निर्णय घेतला. तळोजा येथे थॅलिक ॲनहायड्राइडाचे मोठे उत्पादन होते. त्याचा वापर प्लॅस्टिकांचे मृदुकारक, रेझिने, रंग इत्यादींसाठी करतात. वर वर्णिलेल्या ॲरोमॅटिक पॉलिऑलांचेही ते मूळ द्रव्य आहे.

वापराच्या बाजूने पाहता, उरण तालुक्यातील न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाल्यावर निर्यातीच्या मालासाठी शीतसाखळीचे महत्त्व या भागात वाढले. गोठविलेली मासळी उणे १८° से. वा त्याहून कमी तापमानास ठेवावी लागते, तर बाहेरचे तापमान उन्हाळ्यात ३५° से.च्या वर जाते. हा पन्नासाहून अधिक अंशांचा फरक अहोरात्र राखावयाचा असल्याने निरोधनाची जाडी व दर्जा यांवर विजेचा खर्च अवलंबून असतो. शीतगृहात खिडक्या नसतात, दारे थोडी व जड असतात. तेथे आग लागल्यास धूर कोंडतो, बाहेरून पाणी मारले तरी पत्र्याआडच्या फेसापर्यंत ते पोहोचत नाही व अशा आगी विझविण्यास फार वेळ लागतो.

चाचण्या : भारतात दृढ पॉलियुरेथेन व पॉलिआयसोसायन्युरेट फेसांच्या तयार तक्त्यांसाठी आय. एस. १२४३६ (१९८८) हे मानक आहे. ज्वलनाच्या चाचण्या अनेक असून त्या वेगवेगळे गुण मोजतात. १९६६ मध्ये फेनिमोर व मार्टिन यांनी सुचविलेल्या ऑक्सिजन निर्देशांकाच्या चाचणीत नमुना जळत राहण्यासाठी लागणारे ऑक्सिजनाचे किमान प्रमाण काढतात. हवेत ऑक्सिजन सुमारे २१% असतो. साध्या फेसाचा निर्देशांक १८ ते १९ च्या आसपास येतो, म्हणून तो हवेत जळत राहतो. परिवर्तित फेसांचा २२ ते २६ पर्यंत नेता येतो. ब्रिटिश मानक ४७६ च्या सातव्या भागात पृष्ठभागावरील ज्योतीचा प्रसार पाहतात. १९८२ मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या शंकू उष्णतामापकाने नमुन्यातून दर सेकंदाला किती उष्णता बाहेर पडते हे कळते. आग किती झपाट्याने वाढेल याचा अंदाज त्यावरून अधिक चांगला येतो.

कोणतीही एक चाचणी प्रत्यक्ष आगीची हमी देत नाही. काडीपेटीएवढ्या ज्योतीने विझणारा फेस पेटलेल्या मालाच्या ढिगाऱ्याशेजारी पूर्ण जळू शकतो. लंडन येथील ग्रेनफेल टॉवर या इमारतीत १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ माणसे मृत्यू पावली. ज्योत पसरण्यास प्रामुख्याने बाहेरील आवरणाच्या तक्त्यांतील पॉलिएथिलीन कारणीभूत झाले. त्यामागचे निरोधन बव्हंशी पॉलिआयसोसायन्युरेट फेसाचे होते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालात चाचण्यांचे निष्कर्ष दिशाभूल होईल अशा रीतीने बाजारात मांडले गेल्याचे नमूद आहे. १९७४ मध्ये विशेषणांविषयी जो प्रश्न निघाला होता, तोच येथे पुन्हा उद्‌भवला.

धूर व विषारीपणा : आगीत बहुतेक मृत्यू धुराने होतात. पॉलियुरेथेन जळताना कार्बन मोनॉक्साइड व, नायट्रोजन असल्याने, हायड्रोजन सायनाइडही बाहेर पडते. ज्वालारोधकांमुळे हा धोका आपोआप कमी होत नाही. हॅलोजनयुक्त फेस अपुरा जळत असल्याने दाट धूर व दाहक अम्लवायू देतो. १९७५ मध्ये अमेरिकेतील युटा विद्यापीठातील संशोधकांना एक विलक्षण गोष्ट आढळली. ट्रायमेथिलॉलप्रोपेनापासून बनविलेले पॉलिऑल व फॉस्फरसयुक्त ज्वालारोधक असलेल्या दृढ फेसाच्या धुराने उंदरांना तीव्र झटके येऊन ते मरत. ज्वालारोधक नसलेल्या फेसाच्या धुराने असे होत नसे. दोन्ही घटकांचे तुकडे ज्वलनात एकत्र येऊन द्विवलयी फॉस्फेट एस्टर हे अतिविषारी संयुग बनत होते. दोन्ही द्रव्ये सुटी असताना हा धोका लक्षात आला नसता. तेव्हापासून ज्वालारोधकाची निवड करताना त्याच्या धुराचीही परीक्षा आवश्यक मानली जाऊ लागली.

आयसोसायनेट या नावामुळे भोपाळ येथील १९८४ च्या वायुदुर्घटनेची आठवण होणे साहजिक आहे. तेथे निसटलेले मेथिल आयसोसायनेट ३९° से.ला उकळणारे बाष्पनशील द्रव्य होते. एमडीआयचे बाष्पन साध्या तापमानास अत्यल्प होते व फेसात ते बांधले गेलेले असते. तथापि फेसाची फवारणी करणाऱ्या कामगारांना त्याच्या तुषारांमुळे दमा जडू शकतो. त्यामुळे काम करताना श्वसनसंरक्षक साधने वापरणे जरूर असते.

वापरातील दक्षता : शीतगृहांच्या अनेक आगी बांधकामाच्या अथवा दुरुस्तीच्या वेळी लागतात, त्या वेळी फेस उघडा असतो व शेजारी वितळजोडकाम (वेल्डिंग) चालू असते. दक्षिण कोरियातील इचॉन येथे ७ जानेवारी २००८ रोजी एका शीतगृहात लागलेल्या आगीत ४० कामगार मरण पावले. त्याच शहरात २९ एप्रिल २०२० रोजी बांधकाम चालू असलेल्या एका गोदामातील आगीत ३८ जणांचा बळी गेला. दोन्ही आगींत युरेथेन फेस जळाला होता.

फेस उघडा न ठेवता पोलादी पत्रा, जिप्समचे तक्ते वा गिलावा यांनी झाकणे, तक्त्यांचे सांधे बंद करणे, विजेच्या तारा फेसातून न नेता धातूच्या नळीतून नेणे, ठरावीक अंतरावर खनिज लोकरीचे अडथळे घालणे आणि फेसाजवळ ज्योतीचे काम करताना तो भाग मोकळा करून पाण्यासह पहारा ठेवणे हे उपाय रासायनिक परिवर्तनाइतकेच महत्त्वाचे आहेत. महाराष्ट्रात इमारतींच्या अग्निसुरक्षेसाठी महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू आहे. जेथे आगीचा धोका मोठा आहे, तेथे संवाहकता काहीशी अधिक असली तरी अज्वलनशील खनिज लोकरीचे तक्ते वापरतात. मात्र त्यांत बाष्प शिरल्यास निरोधन घटते, म्हणून शीतगृहात बाष्परोधक थराची विशेष काळजी घ्यावी लागते. जुने तक्ते मोडीत काढताना ते उघड्यावर जाळल्यास वर सांगितलेले सर्व विषारी वायू हवेत मिसळतात व जुन्या फुगवक द्रव्यांची वाफही सुटते.